आठ गोळ्या उरलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी औषधाची बाटली आहे. अंग नारिंगी, टोपण पांढरं, उंची तुमच्या मधल्या बोटाएवढी. माझ्या पोटात एकच गोळी शिल्लक आहे. खरं तर तीही असायला नको होती, आणि मीही इतकी वर्षं कुणाच्या घरात राहायला नको होते.

सध्या मी शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसातल्या जुनी औषधं टाकायच्या पोलादी पेटीत पडून आहे. पेटीच्या तोंडातून आत टाकता येतं, बाहेर काढता येत नाही. महिन्यातून एकदा ती रिकामी करतात आणि आतलं सगळं भट्टीत जाळतात. माझी पाळी याच आठवड्यात आहे असं इथल्या बाकीच्या बाटल्या म्हणतात. तेवढ्यात माझी हकीकत तुम्हाला सांगून टाकते. ऐकायला ती गोड नाही. पण न सांगता गेले, तर आधीच केलेल्या एका गप्प बसण्यात आणखी एकाची भर पडेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात ओतलं आणि माझ्यासारख्या हजार जणी एका दमात बाहेर पडल्या. आमचा रंग नारिंगी का, ठाऊक आहे? उजेडानं काही औषधं बिघडतात, म्हणून. आणि टोपण दाबून फिरवल्याशिवाय निघत नाही, ते का? लहान मुलांच्या हाती औषध लागू नये, म्हणून. मोठ्यांच्या हाती ते कसं लागतं, याचा बंदोबस्त मात्र कुणाला करता आलेला नाही.

तिथून मी नॉरडाल गावातल्या औषधांच्या दुकानात आले. दुकान कालिया व्ह्यू नावाच्या तरुण बाईचं. कालिया कामाला चोख होती. निळ्या ताटलीत गोळ्या ओतायची आणि चपट्या पट्टीनं पाच-पाच बाजूला सारायची. माझ्यासाठी तिनं पाच, मग पाच, मग चार अशा चौदा गोळ्या मोजल्या. सिप्रोफ्लॉक्सासिन हे त्यांचं नाव. नाव बोजड असलं तरी गोळ्या कामाच्या. जंतूंमुळे लघवीच्या मार्गाला किंवा मूत्रपिंडाला संसर्ग झाला आणि डॉक्टरनं तपासून त्या लिहून दिल्या, तर त्या माणसाला अंथरुणातून उठवतात. तेव्हा मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू?

कालियानं माझ्या अंगावर पांढरा कागद चिकटवला. त्यावर नाव होतं ऑरिन स्टेनरूड. मग एक पिवळी चिठ्ठी लावली, ‘सगळ्या गोळ्या संपवा’. आणि मग एक लाल चिठ्ठी, ‘दूध, दही, चीज यांच्याबरोबर घेऊ नका’. लाल चिठ्ठी तिनं अंगठ्यानं दोनदा दाबली. ऑरिनला ती ओळखत होती ना!

ऑरिन काउंटरपाशी उभा होता. वय साठीचं, डोक्यावर गुरांच्या खाद्याच्या कंपनीची टोपी, अंगाला गोठ्याचा वास, आणि तापानं डोळे लाल झालेले. दोन दिवस थंडी वाजत असतानाही त्यानं गाईंचं दूध काढलं होतं. तिसऱ्या दिवशी बायकोनं, मेव्हिसनं, गाडीत कोंबून दवाखान्यात नेलं, तेव्हा कुठे लघवी तपासली गेली.

“मिस्टर स्टेनरूड, सकाळी एक, संध्याकाळी एक. सात दिवस. पेलाभर पाण्याबरोबर,” कालिया म्हणाली.

“आणि दूध?”

“दूध नाही. गोळी घेतल्यावर दोन तास नाही. आणि आधी दूध प्यायलात, तर सहा तास होईपर्यंत गोळी नाही. दुधातलं कॅल्शियम गोळीला धरून बसतं, तिला रक्तात जाऊ देत नाही. मेव्हिसच्या हाडांच्या गोळ्या आहेत ना, कॅल्शियमच्या? त्यांचंही तेच. ॲसिडिटीच्या चघळायच्या गोळ्यांचंही तेच.”

“पोरी, माझ्या गोठ्यात साठ गाई आहेत. आमच्याकडे मूल जन्मलं तरी दूध, माणूस गेला तरी दूध.”

“म्हणून तर तुम्हाला दोनदा सांगतेय. आणि टाच दुखायला लागली, घोट्यामागची शीर ओढल्यासारखी वाटली, तर गोळी थांबवा आणि लगेच फोन करा. बरं वाटलं म्हणून मनानं सोडायची नाही. उरली म्हणून दुसऱ्याला द्यायची नाही. सर्दी-खोकल्याला हिचा काडीचा उपयोग नाही, तेव्हा तिथंही नाही.”

“आमच्या लग्नात पाद्र्यानंसुद्धा एवढ्या अटी घातल्या नव्हत्या,” ऑरिन म्हणाला. मागे उभी असलेली मेव्हिस खदाखदा हसली. “घातल्या होत्या, म्हाताऱ्या. तू तेव्हाही ऐकत नव्हतास.”

मला ते दोघं तेव्हाच आवडले. पुढे जे झालं ते त्यांच्या दुष्टपणामुळे झालं असतं, तर मला एवढं वाईट वाटलं नसतं.

पहिले तीन दिवस ऑरिननं मला कोटाच्या खिशात घालून गोठ्यात नेलं. सकाळी दूध काढून झालं की तो दूधघरातल्या नळाचं पाणी पेल्यात घ्यायचा आणि एक गोळी गिळायचा. संध्याकाळी तसंच. तिथं भिंतीवर एक पांढरा फळा होता. त्या फळ्याचा मान त्या घरात पवित्र पुस्तकाच्या खालोखाल. कुठली गाय आजारी, तिला कुठलं औषध, किती वाजता, किती दिवस, दूध कधीपर्यंत ओतून द्यायचं, सगळं ऑरिनच्या ठसठशीत अक्षरात. आणि औषध चालू असलेल्या गाईच्या मागच्या दोन्ही पायांना लाल पट्ट्या. लाल पट्टी दिसली की तिचं दूध वेगळ्या बादलीत, मोठ्या टाकीत थेंबभरही नाही. एका गाईचं औषधाचं दूध चुकून टाकीत गेलं आणि दूध कंपनीच्या तपासणीत सापडलं, तर अख्खा टँकर ओतून द्यावा लागतो. त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचंही दूध असतं. ऑरिनच्या टाकीत चाळीस वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं. जिल्ह्यात कुणालाही विचारा, असं लोक सांगत. औषध पाच दिवसांचं सांगितलं, तर गाय दुसऱ्या दिवशी उड्या मारायला लागली तरी ऑरिन पाच दिवस पुरे करायचा.

हे सगळं मी खिशातून ऐकत होते. मनात म्हटलं, बरं झालं, योग्य माणसाच्या हाती पडले.

चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. ताप गेला होता, जळजळ थांबली होती. तीन दिवस पाऊस नाही असं रेडिओवर सांगितलं आणि ऑरिन गवत कापायला ट्रॅक्टरवर चढला. मी स्वयंपाकघरात ओट्यावरच राहिले. त्या सकाळची गोळी राहिली, संध्याकाळचीही राहिली. दुसऱ्या दिवशी मेव्हिसनं मला त्याच्यापुढे धरलं.

“कालियानं संपवायला सांगितल्या होत्या ना?”

“मी ठणठणीत आहे. राहू देत, पुढच्या वेळी कामाला येतील.”

त्या घरात काही वाया जात नसे. गवताच्या गठ्ठ्यांची सुतळी गुंडाळून ठेवायची, पावाच्या पिशव्या धुऊन वाळत घालायच्या. मग आठ चांगल्या गोळ्या कोण टाकणार? मेव्हिसनंही फार ताणलं नाही. तिनं मला न्हाणीघरातल्या आरशामागच्या कपाटात ठेवलं आणि कपाटाचं दार लावलं.

मित्रांनो, औषध ठेवायला घरातली सगळ्यात वाईट जागा कुठली असेल, तर ती न्हाणीघर. पण जवळपास प्रत्येक घरात ते तिथंच सापडतं. रोज गरम पाण्याची वाफ यायची, रोज माझ्या अंगावर दव धरायचं. शेजारी जुना वस्तरा, खोकल्याचं औषध आणि मेव्हिसची कॅल्शियमची बाटली. ही शेजारीण माझी वैरीण आहे, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. कागदावर लिहिलेली शेवटची तारीख उलटली. पिवळी चिठ्ठी फिकी पडत पडत कोरी झाली. लाल चिठ्ठीचा एक कोपरा सुटला, मग दुसरा. एका सकाळी मेव्हिसनं केस विंचरण्यासाठी कंगवा ओढला, तेव्हा ती चिठ्ठी गळून बेसिनमध्ये पडली. मेव्हिसनं ती ओल्या बोटानं उचलली, शांपूच्या बाटलीची असावी असं समजून टाकून दिली.

कालियानं दोनदा दाबलेली चिठ्ठी. मी ती जाताना पाहिली आणि मला काहीच करता आलं नाही.

त्यानंतरच्या जानेवारीत मेव्हिसला बरं वाटेनासं झालं. मेव्हिस म्हणजे त्या घराचा आवाज. वासरांना दूध पाजणं तिचं काम. पाजता पाजता प्रत्येक वासराशी भांडायची, आणि भांडण संपवून आत आली की ऑरिनशी. तिनं दोन दिवस लघवीची जळजळ अंगावर काढली. बोलली नाही. गुरुवारी दुपारी उजव्या कुशीत कळ आली आणि ती खुर्चीत बसून थरथरायला लागली. बाहेर बर्फ उडत होतं. दवाखाना चाळीस मैलांवर. पुढच्या रस्त्यावर कुणाची तरी गाडी चरात गेल्याची बातमी होती.

त्याच दिवशी एक्केचाळीस नंबरच्या पर्निल नावाच्या गाईची कासही सुजली होती. ऑरिननं सकाळीच पशुवैद्याला फोन करून विचारलं, सांगितलेलं औषध दिलं, तिच्या पायांना लाल पट्ट्या बांधल्या, फळ्यावर लिहिलं. मग घरात येऊन बायकोची कूस दाबून पाहिली आणि आरशामागचं कपाट उघडलं.

“मला झालं होतं तेच आहे हे. तीच थंडी, तीच जळजळ. गोळ्या आहेत आपल्याकडे.”

“यावर तुझं नाव आहे,” मेव्हिस म्हणाली.

“चाळीस वर्षं नवऱ्याचं नाव लावतेस, आणि त्याच्या गोळ्या चालत नाहीत?”

ती हसली. कण्हत होती तरी हसली. “उद्या फोन तरी करू या कालियाला?”

“तुला आज बरं वाटायला हवंय की उद्या?”

आणि मग त्यानं काय केलं सांगू? छोट्या पातेल्यात दूध तापवलं. त्यात चमचाभर मध घातला. आपल्या गाईंचं, त्या सकाळचं, साय धरलेलं दूध. तो जन्मभर पाणी द्यायला शिकलाच नव्हता. आजारी माणसाला त्या घरात दूधच देत आले. त्यानं पेला तिच्या हातात दिला, गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि तिच्या खांद्यावर शाल नीट केली.

एवढ्या मायेनं कुणी कुणाला मरणाच्या दारात नेलेलं मी पाहिलेलं नाही. मी ओरडले असते. पण माझ्या अंगावर नुसती फिकट पिवळी कोरी चिठ्ठी होती आणि लाल चिठ्ठीच्या जागी डिंकाचा चौकोन.

शुक्रवारी सकाळी एक, दुधाबरोबर. संध्याकाळी एक, दुधाबरोबर. तापाच्या साध्या गोळ्यांनी ताप थोडा उतरला, म्हणून दोघांनाही वाटलं की लागू पडतंय. ऑरिन खुशीत होता. शनिवारी दोन, रविवारी दोन. माझी प्रत्येक गोळी पोटात गेली आणि दुधाला मिठी मारून बसली. जी थोडीफार रक्तात पोचली, ती जंतूंना मारायला अपुरी आणि सावध करायला पुरेशी होती. रविवारी संध्याकाळी मेव्हिसनं दोन स्वेटर चढवले तरी तिचे दात वाजत होते. वासरांना काही बोलली नाही. गोठ्यात गेलीच नाही.

ऑरिन मात्र गोठ्यात गेला. पर्निलच्या पट्ट्या तपासल्या, फळ्यावर चौथ्या दिवसाची खूण केली.

सोमवारी सकाळी तो आठवी गोळी आणि पेला घेऊन आला, तर मेव्हिसला पेला धरता येईना. ओठ पांढरेफटक. तिनं ऑरिनकडे पाहिलं आणि त्याला आपल्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारली. “बर्न्ट, दार लाव रे, वासरं आत येतायत.”

दूध कोटावर सांडलं. ऑरिननं गोळी माझ्यात परत टाकली, मला खिशात कोंबलं आणि फोनकडे धावला. बर्फ काढणारी गाडी पुढे आणि रुग्णवाहिका मागे, असे आम्ही निघालो. डॉक्टरांना दाखवायला बाटली हवी, असं तो वाटेत स्वतःशी दोनदा बोलला. मला धीर आला. मला वाटलं, निदान आता तरी मला कुणी नीट वाचेल.

जिल्ह्याच्या त्या दवाखान्यात डॉक्टर वारसामे म्हणून शांत आवाजाच्या बाई होत्या. त्यांनी मेव्हिसचा हात हातात धरूनच प्रश्न विचारले.

“पेनिसिलिन चालतं त्यांना?”

“नाही. लहानपणी अंगभर गांधी उठल्या होत्या.”

“गेल्या काही दिवसांत कुठलं अँटिबायोटिक घेतलंय? घरात कुणाचं उरलेलं, जुनं, काहीही?”

ऑरिनचा हात खिशात होता. बोटं माझ्याभोवती होती. मित्रांनो, इतकी घट्ट होती की टोपण करकरलं. बाहेर नर्स उभी होती, ती त्याच्याच गावची. तिचा भाऊ दुधाचा टँकर चालवायचा. ज्या माणसाच्या टाकीत चाळीस वर्षांत एकदाही औषध सापडलं नाही, त्यानं बायकोला जुन्या गोळ्या चारल्या, हे तासाभरात जिल्हाभर झालं असतं. हे सगळं त्याच्या मनात एका क्षणात आलं असावं. मी खिशात खडखड केली. एका गोळीची खडखड ती किती?

“नाही,” ऑरिन म्हणाला. “काही नाही.”

मग डॉक्टरांनी, पेनिसिलिन चालत नाही हे धरून, सलाइनमधून औषध सुरू केलं. ते औषध माझ्या गोळ्यांचं सख्खं भावंड होतं. खरं समजलं असतं तर त्यांनी ते निवडलं नसतं. जे जंतू एका भावाला पचवून बसले होते, ते दुसऱ्याला कशाला भितील?

तो अख्खा दिवस ऑरिन मेव्हिसच्या पलंगाशी बसून होता. रक्तदाब घसरत होता. पलंगाखालच्या पिशवीत लघवी जमेनाशी झाली. नर्स दर तासाला येऊन ती पिशवी बघायची आणि कागदावर आकडा लिहून जायची. रक्त तपासायला गेलं होतं, पण कुठले जंतू आहेत आणि ते कशाला भितात, हे कळायला दोन दिवस लागतात. मेव्हिस डोळे मिटून पडली होती. मी खिशात होते. आम्ही दोघंही मूग गिळून होतो, ऑरिन आणि मी. मला निदान तोंड नव्हतं.

मंगळवारी सकाळी लाइल ब्रेकेचा फोन आला. लाइल शेजारचा शेतकरी, ऑरिनच्या गाईंचं दूध तोच काढत होता.

“ऑरिन, तुझी एक्केचाळीस नंबरवाली झकास झाली बघ. दूध कसं पांढरंशुभ्र. टाकीत सोडू का?”

“नाही! पट्ट्या दिसत नाहीत का तुला?”

“दिसतात रे बाबा. पण सूज उतरली, दूध चांगलं आहे. एकीचं तर आहे. टँकरवाल्याला काय स्वप्न पडणार आहे?”

“एकीनं सगळा टँकर नासतो, लाइल!” ऑरिनचा आवाज चढला. पलंगाच्या पलीकडची नर्स वळून पाहायला लागली. “तिला काय दिलं, किती दिलं, कधी दिलं, सगळं फळ्यावर लिहिलंय. दिलं ते सांगावंच लागतं. लपवलं की...”

लाइल पलीकडून “हॅलो, हॅलो” करत राहिला. ऑरिननं फोन कानाला लावलेला होता आणि नजर मेव्हिसच्या पायांवर. पांघरुणातून बाहेर आलेले तिचे दोन पाय. सुजलेले, उघडे, पट्टी नसलेले.

तो उठला. खोलीबाहेर नर्सच्या टेबलापाशी डॉक्टर वारसामे उभ्या होत्या. त्यानं मला खिशातून काढून त्यांच्यासमोर ठेवलं. सगळ्यांदेखत, त्या टँकरवाल्याच्या बहिणीदेखत.

“हे दिलं मी तिला. गुरुवारपासून. सात गोळ्या. माझ्या, दोन वर्षांपूर्वीच्या.” मग म्हणाला, “दुधाबरोबर.”

डॉक्टरांनी मला उचललं आणि उजेडात फिरवलं. “दुधाची सूचना नव्हती यावर?”

“होती. पोरीनं दोनदा दाबून लावली होती.”

“मिस्टर स्टेनरूड, हे काल...” एवढं बोलून त्या थांबल्या. रागावल्या नाहीत. त्या वळल्या आणि जवळजवळ धावतच औषध बदलायला गेल्या. त्या रागावल्या असत्या तर ऑरिनला बरं वाटलं असतं, असं मला अजून वाटतं.

तपासणीचा कागद आला, त्यात त्यांचा अंदाज खरा ठरला. जंतू माझ्या गोळ्यांच्या कुळाला मुळीच भीत नव्हते. ते आधीपासूनच तसे होते, की त्या अर्धवट चार दिवसांत तसे झाले, हे आता कुणालाही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. पण जंतूंना अपुरं औषध देणं म्हणजे त्यातल्या दुबळ्यांना मारून दांडग्यांना मोकळं रान देणं, एवढं नक्की, असंही म्हणाल्या.

मेव्हिस वाचली. नव्या औषधानं ताप उतरला, तिनं ऑरिनला त्याच्या स्वतःच्या नावानं हाक मारली. पण त्या एका दिवसात तिची मूत्रपिंडं बसली, ती पुन्हा उठली नाहीत. आठवड्यातून तीन दिवस चाळीस मैल जाऊन यंत्राला जोडून घ्यायचं, रक्त धुऊन घ्यायचं. जन्मभर. ऑरिननं निम्म्या गाई विकल्या, कारण सोमवार, बुधवार, शुक्रवार गोठा बघायला तो घरी नसतो. पर्निलही विकली गेली. ती आजारातून खडखडीत बरी झाली होती.

दवाखान्यातून मेव्हिसच्या कपड्यांबरोबर मलाही एका पिशवीत घालून परत दिलं. मी काही दिवस स्वयंपाकघरात खिडकीत होते. म्हणून तिची घरची पहिली न्याहारी मला दिसली. खाण्यापिण्याचं पथ्य सांगणारी बाई कागद देऊन गेली होती. यंत्रावरच्या माणसाला दूध जपून, दिवसाला अर्धा कप. त्याहून जास्त तिच्या शरीराला बाहेर टाकता येत नाही. मेव्हिसनं केकचं पीठ मोजायचा कप घेतला, अर्ध्या रेघेपर्यंत दूध ओतलं, डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहिलं आणि चमचाभर दूध परत दुधाच्या जगमध्ये ओतलं. ऑरिनचा पेला रिकामा होता. त्यानं दुधाच्या जगला हात लावला नाही.

“पी, म्हाताऱ्या,” ती म्हणाली. “तुझ्या दुधाला कुणी पट्टी बांधलेली नाही.”

त्यानं पेला भरला, पण तो तसाच राहिला. साय धरून थंड झाला. शेवटी मेव्हिसनंच तो उचलून मांजरापुढे ठेवला. त्या दिवसापासून ऑरिन स्टेनरूडनं दुधाला तोंड लावलेलं मी पाहिलं नाही.

आता फळ्यावर गाईंच्या नावांच्या वर मेव्हिसचं नाव असतं. कुठलं औषध, किती वाजता, कशाबरोबर, कधीपर्यंत. अक्षर तेच, ठसठशीत.

मे महिन्यातल्या एका बुधवारी यंत्राकडे जाताना त्यानं इथं गाडी थांबवली. मेव्हिस गाडीतच बसली होती. मला हातात घेऊन तो आत आला. माझ्या गळ्याभोवती त्यानं गाईच्या पायाची लाल पट्टी गुंडाळली होती. टेबलामागच्या तरुण शिपायानं पाहिलं आणि म्हणाला, “ऑरिन, टाकण्याआधी कागद फाडा. नाव दिसतंय तुमचं. आम्ही सगळ्यांना फाडायला सांगतो.”

“राहू दे,” ऑरिन म्हणाला. “नाव माझं. भोगतेय ती.”

आणि त्यानं मला पेटीच्या तोंडात सोडलं.

इथं अंधार आहे, पण एकटेपणा नाही. रोज वरून कुणीतरी पडतं. परवा माझ्या अंगावर एक पडली, तिच्यात पाच गोळ्या. घसादुखी थांबली म्हणून उरलेल्या. ती सांगत होती, त्यांच्या घरातल्या कपाटात अजून तिच्या तीन बहिणी आहेत, त्यांना कुणी आणलेलं नाही. आम्ही सगळ्या थोड्या थोड्या वाजतो. पेटीला कुणी धक्का दिला की ती खडखड बाहेर ऐकू जाते, आणि बाहेरच्या माणसाला वाटतं आत काहीतरी क्षुल्लक आहे.

मित्रांनो, भट्टीत मी जळेन, माझी शेवटची गोळी जळेल, लाल पट्टीसुद्धा जळेल. पण आमच्याशी झुंजून जे जंतू जिवंत सुटले, त्यांना टाकायला पेटी नाही. ते कुठे आहेत, कुणाच्या अंगात आहेत, मला माहीत नाही. म्हणून एवढंच ऐका. आज घरी गेलात की आईवडिलांना हाक मारा आणि आरशामागचं कपाट त्यांनाच उघडायला सांगा. तिथली प्रत्येक बाटली त्यांना हलवून बघू द्या. एखादी वाजली, तर तिच्यावर कुणाचं नाव आहे ते त्यांच्याकडून वाचून घ्या. आणि मग घरात दुसरं कुणी आजारी आहे का, आणि त्याच्या हातात कशाचा पेला आहे, ते बघा.